देवडीतली चूल

आबा, आज देवडीबद्दल लिहायचं आहे. दुसरं काहीही लिहायला बसले तरी फिरून तिथंच येते, म्हणून म्हटलं आज सरळ तिथूनच सुरुवात करावी. तुम्हाला वाचता येत नव्हतं, त्यामुळं तुम्ही असताना मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. सासरहून निरोप धाडायची तो कुणाच्या तरी तोंडी, आणि तोही खुशालीचाच. भांडायचं राहून गेलं. तुम्ही गेलात तेव्हा मी दोन लेकरांची आई होते, आज नातवंडांची आजी आहे, आणि राग अजून तसाच आहे. वयाबरोबर तो निवळेल असं सगळे म्हणायचे. निवळला नाही. तुमची लेक पहिल्यापासून तोंडाळ, हे तुम्हीच म्हणायचात, तेव्हा आता ऐकून घ्या.

मुरुमच्या बाजाराहून गावाकडं येताना माळ उतरला की आधी गढीचा पांढऱ्या मातीचा तट दिसायचा आणि त्या तटाच्या तोंडाशी काळ्या दगडाची आपली देवडी. गढी जहागीरदारांची, देवडी म्हणजे तिचं प्रवेशद्वार. पण नुसता दरवाजा नव्हे, दरवाजाभोवती रचलेली दोन मजली इमारतच ती. मधोमध कमान, कमानीत सागवानी कवाडं, कवाडांवर लोखंडी खिळ्यांच्या रांगा. हत्तीनं धडक दिली तर त्याच्या कपाळात रुतावेत म्हणून ते खिळे. आपल्या गावावर हत्ती कधी चालून आला होता कुणास ठाऊक. खालच्या रांगेला म्हशी मात्र मनसोक्त अंग घासायच्या. उजव्या कवाडात वाकून जाण्यापुरती दिंडी. आत शिरलं की रस्ता सरळ जात नसे, काटकोनात वळायचा, म्हणजे कवाड फोडून कुणी आत आलाच तर त्याच्या पुढ्यात भिंत यावी. दोन्ही अंगांना पहारेकऱ्यांचे उंच ओटे, ओट्यांमागं भिंतीच्या जाडीत कोरल्यासारख्या दोन खोल्या, आणि भिंतीच्या पोटातूनच वर नगारखान्याकडं जाणारा अंधारा जिना. ओट्यांवरच्या लाकडी छताला कमळं कोरलेली. खिडकी एकही नाही. बंदुकीची नळी बाहेर काढायला ठेवलेल्या जंग्या तेवढ्या होत्या, त्या अरुंद भोकांतून थंडीचा वारा नेमका आपल्या अंथरुणावर यायचा, आणि आई त्यात चिंध्या कोंबायची. सकाळी उजेड हवा म्हणून त्या काढायची, रात्री परत कोंबायची. ज्या कुणी ती देवडी बांधली त्यानं ती माणसं अडवायला बांधली होती. त्यात आपण राहत होतो.

राहत होतो म्हटलेलं तुम्हाला चालायचं नाही. "ऱ्हातो न्हाय, पहाऱ्यावर हाव," असं तुम्ही लगेच दुरुस्त करायचात. तुमचा बाप पहाऱ्यावर, त्याचा बाप पहाऱ्यावर, आणि देवडीचा रिवाज त्यांच्याही आधीचा. देवडीत कुणी जन्मायचं नाही आणि कुणी मरायचं नाही. कमानीखालून मालकांची पालखी जायची, पुढं मोटार जायची. त्यांना कुणाच्या सोयरसुतकाखालून जावं लागू नये म्हणून. मी त्यासाठीच अणदूरला आजोळी जन्मले. आजोबांचा शेवट जवळ आला तेव्हा त्यांना बाजेवर घालून भावकीतल्या एका घरी नेलं आणि ते परक्या ओसरीत गेले. आणि ज्यावर सगळं अडलं ती गोष्ट म्हणजे चूल. देवडीत चूल मांडायची नाही. चूल आली की घर आलं, घर आलं की सोयरसुतक आलंच. धुरानं छताची कमळं काळी पडतात हेही कारण सांगायचे, पण ते सांगायचं कारण. पहारेकऱ्याचं आणि त्याच्या बायकापोरांचं जेवण दोन्ही वेळा गढीच्या मुदपाकखान्यातून, मालकांच्या स्वयंपाकघरातून यायचं. परातीत भाकरी आणि वर वरणाची वाटी. आई नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिनं विचारलं होतं, चूल कुठं मांडू? तुम्ही हसलात म्हणे. ती मला सांगायची, तुझा बाप हसतो हे मला त्या दिवशी कळलं, नंतर फार वेळा कळलं नाही.

मग पोलीस ॲक्शन झालं, जहागिऱ्या गेल्या. मालक हैदराबादला निघाले तो दिवस मला धूसर आठवतो. दोन्ही कवाडं सताड उघडी आहेत, मोटारीवर ट्रंका बांधल्या आहेत, आणि तुम्ही हात जोडून ओट्याखाली उभे आहात. मालकांनी मोटारीतून एवढंच म्हटलं, "देवडी सांभाळा, आम्ही येतो." ते आले नाहीत. त्यांनी तरी ते किती मनापासून म्हटलं होतं देव जाणे. जाणारा माणूस असं काहीतरी म्हणतोच. तुम्ही मात्र ते वाक्य घट्ट धरून बसलात. मुदपाकखाना बंद झाला आणि आईला रांधायला जागा उरली नाही. देवडीबाहेर लिंबाखाली तीन दगड मांडून ती भाकरी करायची. येणाऱ्याजाणाऱ्याची नजर तव्यावर. वारा सुटला की राख भाकरीवर. पावसात डोक्यावर पोतं घेऊन बसायची आणि ओलं सरपण फुंकून फुंकून डोळे लाल करून घ्यायची. ती तुम्हाला म्हणायची, "मालक गेलं, पालखी गेली, मोटार गेली. आता कुनाला सुतक लागायलंय?" तुम्ही म्हणायचात, "रिवाज मालकाचा न्हाय, देवडीचा हाय." मजुरी शेतातली, दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबून यायचात, आणि संध्याकाळी पागोटं बांधून ओट्यावर पहाऱ्याला बसायचात.

पहारा तरी कशाचा, आबा? गढीतली लाकडं मालकांच्या मुनिमानं केव्हाच विकून टाकली होती. तटाची पांढरी माती लोक खणून नेत होते, कारण माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, टाकायला तिच्यासारखी माती नाही, पाणी ठिपकू देत नाही. नेता नेता देवडीच्या बाजूलाच एवढं खिंडार पडलं की त्यातून बैलगाडी जावी. गावातली जनावरं, बायका, पोरं सगळी खिंडारातून ये-जा करायची, आणि तुम्ही शेजारी कवाडाला अडसर लावून कुलूप घालत होता. मी एकदा विचारलं, कुलूप कुणासाठी? तुम्ही म्हणालात, "खिंडारातनं येतंय त्ये चोर, दारातनं येतंय त्ये पाव्हनं. कोन व्हायाचं ते येनाऱ्यानं ठरवावं." मला तेव्हा ते फार आवडलं होतं. शाळेत मैत्रिणींना सांगितलंही. अशा बोलण्यावर माणसाचं पोट भरत नाही हे कळायला मला वेळ लागला. आईला लग्नानंतर आठवडाभरात कळलं असावं.

मी चौदा-पंधरा वर्षांची असेन तेव्हा गावात बातमी आली की गढी सरकारजमा झाली आहे. रस्त्यावरच्या पुलाला दगड हवे होते आणि देवडीइतका घडीव दगड आसपास कुठं नव्हता. पण तलाठ्यानं एक गोष्ट आईच्या कानावर घातली. तालुक्याहून गिरदावर, म्हणजे जागेची पाहणी करणारा अंमलदार, येणार होता. गढीच्या आवारात ज्याचं राहतं घर असेल त्याची जागा त्याच्या नावावर व्हायची होती. "वहिनी, पाहणीत चूल दिसली पायजे," तलाठी म्हणाला. "चूल दिसली की घर धरत्यात. न्हायतर नुसता आडोसा म्हनत्यात." आईनं हे तुम्हाला सांगितलं. तुम्ही ओट्यावर दोरी वळत बसला होता. वळतच राहिलात. ती परत म्हणाली, तर म्हणालात, "मालकाची जागा मालकाच्या माघारी बळकावू व्हय?" ती उठून बाहेर लिंबाखाली भाकऱ्या करायला गेली. मला वाटलं विषय संपला.

पाहणीच्या आदल्या दिवशी मुरुमचा बाजार होता आणि तुम्ही बाजाराला गेलात. तुमची पाठ वळल्याबरोबर आई मला म्हणाली, "पाटी घे." आम्ही खिंडारातून तटाची पांढरी माती आणली, तीत शेण आणि भुस्सा कालवला, आणि डाव्या खोलीच्या कोपऱ्यात आईनं चूल घातली. नुसती चूल नाही, शेजारी वैलसुद्धा, कालवण ऊन राहायला. मी म्हटलं, दाखवण्यापुरती तर हवी, वैल कशाला? ती म्हणाली, "दाखवन्यापुरती न्हाय घालायली म्या." हातानं थोपटून थोपटून तिनं काठ गोल केले. आत मंद जाळ करून सुकवली, कुंकवाची बोटं ओढली, तवा चढवला. त्या खोलीत भिंतीला पाठ टेकून तिनं पहिली भाकरी थापली तेव्हा ती काहीतरी गुणगुणत होती, आणि मी तिला गुणगुणताना कधी ऐकलं नव्हतं. धूर बाहेर ओट्यावरच्या कमळांत जाऊन बसत होता. आम्ही दोघी ती भाकरी तव्यावरून उतरताच मिरचीबरोबर खाल्ली. माझ्या उभ्या आयुष्यात मी तेवढी चवीची भाकरी खाल्लेली नाही आणि हे मी कुठल्याही दिवशी, कुणाच्याही समोर सांगेन.

तुम्ही आलात ते जंग्यांतून निघणारा धूर बघतच आलात. पिशवी ओट्यावर ठेवली, पागोटं काढलं, आत येऊन उभे राहिलात. ओरडला असतात तर बरं झालं असतं. आई उठली नाही. बसल्या जागेवरून म्हणाली, "उद्या पाहनी हाय. उद्याच्याला ऱ्हाऊ द्या. परवा म्याच काढते, माझ्या हातानं." तुम्ही म्हणालात, "उद्याच तर न्हाय ऱ्हायला पायजे." आणि खाली वाकून हात घातलात. तेव्हा आई म्हणाली, "थांबा. आत निखारं हायती, हात भाजंल." तिनं चिमट्यानं एकेक निखारा काढून परातीत घेतला, बाहेर लिंबाखाली नेऊन टाकला, परत आली आणि बाजूला उभी राहिली. मग तुम्ही चूल फोडलीत. ओलसर होती अजून, फुटताना आवाजसुद्धा झाला नाही. तुकडे पाटीत भरून तुम्हीच खिंडारात टाकून आलात, तुम्हीच शेणानं जागा सारवलीत. तुम्हाला सारवता येतं हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं. रात्रीची भाकरी आईनं बाहेर केली, तुम्हाला वाढली, आणि तुम्ही जेवलात. ते मला अजून पचलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी गिरदावर आला. तरुण होता, धाराशिवकडचा, बोलायला सौम्य. त्याच्याबरोबर तलाठी आणि गावातले पंच. मला तो दिवस असा आठवतो की आत्ताही दिंडीतून वाकून तो आत येतोय. टोपी सावरतो, वर कमळांकडं बघतो, म्हणतो, "काय काम आहे हो!" मग तुमच्याकडं वळतो. "किती वर्षांपासून राहता इथं?"

"ऱ्हात न्हाय साहेब. पहाऱ्यावर हाव."

"बरं. पण बायको-मुलं इथंच ना? मग घर हेच झालं."

"पहारेकऱ्याला घर नसतंय."

त्यानं तलाठ्याकडं पाहिलं. तलाठ्यानं मान खाली घातली. गिरदावर खोलीत शिरला, ओल्या सारवणाशी थांबला, भिंतीवरचा धुराचा ताजा डाग त्यानं बोटानं पुसून पाहिला. बाहेर येऊन तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "बाबा, तिथं चूल असते ना? फक्त हो म्हणा. मी तसं लिहितो." त्याला सगळं कळलं होतं, आबा. परका माणूस, नोकरीवरचा, तो तुमच्यासाठी अडून बसला होता. तुम्ही म्हणालात, "न्हाय. हितं चूल न्हाय. कवाच नव्हती."

आई कवाडाआड उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला होता. ती बोलणार नाही हे मला दिसत होतं, म्हणून मी बोलले. "होती! काल होती. आईनं घातलेली, यांनी फोडली." सगळे पंच माझ्याकडं बघायला लागले. गिरदावर तुम्हाला म्हणाला, "मुलगी काय म्हणते?" तुम्ही माझ्याकडं पाहिलं नाही, आईकडंही नाही. समोरच्या भिंतीकडं बघत म्हणालात, "पोर हाय साहेब. खेळली आसंल भातुकली."

गावात तुमच्या शब्दाला मान होता तो एवढ्याचसाठी की तुम्ही खोटं बोलत नाही. भांडणतंट्यात तुम्हाला साक्षीला बोलवायचे. तेव्हा पंचांनी तुमचं खरं धरलं आणि माझं खोटं. गिरदावरानं तुम्ही म्हणालात तसंच लिहून घेतलं. जाताना त्यानं आईला वाकून नमस्कार केला. कशाचा ते कुणी विचारलं नाही.

पावसाळ्याआधी आपण बाहेर पडलो. ओढ्याच्या कडेला पत्र्याचा आडोसा केला, तिथं आईनं पहिल्याच दिवशी आत चूल घातली आणि म्हणाली, "घ्या, झालं घर." तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत. देवडी पाडायचं काम निघालं तेव्हा मजूर हवे होते, आणि तुम्ही जायला तयार नव्हता, म्हणून आई गेली. ज्या भिंतीला टेकून तिनं भाकरी थापली होती त्याच भिंतीची खडी ती डोक्यावर वाहत होती. कवाडं कुणी तरी लिलावात घेतली. कमळं सरपणात गेली. तुम्ही ओढ्याकडं तोंड करून दिवसभर बसून असायचात, संध्याकाळ झाली की हात डोक्याकडं जायचा, पागोटं बांधायला, आणि मग खाली यायचा. मला तुमची दया यायची. ती येऊ नये म्हणून मी भांडी आपटायची.

ओढ्याची ओल आईच्या छातीत बसली. दुसऱ्या पावसाळ्यात ती उठेना. मुरुमहून डॉक्टर आणला, त्यानं औषध दिलं, कोरड्या जागी न्या म्हणाला. कोरडी जागा कुठं होती? शेवटच्या दिवसांत एकदा तिला जरा हुशारी आली, मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "देवडीत आसते तर आता मला बाजेवर घालून कुनाच्या तरी दारात नेऊन टाकलं आसतं. हितं मरता तरी येतंय." तुम्ही दाराशीच बसला होता. तुम्हाला ऐकू जावं म्हणूनच ती बोलली असेल का, हे मी पुष्कळदा मनाशी घोळवलं आहे. मला वाटतं नाही. तिला खरंच बरं वाटत होतं.

मी तुमच्या बाजूनं विचार केलेला नाही असं समजू नका. देवडी घर आहे असं म्हटलं असतं तर तीन पिढ्यांचा पहारा म्हणजे फुकटचं राहणं ठरलं असतं. घर नाही म्हटलं म्हणून तुम्ही पहारेकरी राहिलात. हो म्हटलं असतं तर मालकाच्या दारात घुसून बसलेला एक गडी झाला असतात. हे मला कळतं. पण त्या पहाऱ्याच्या एका टोकाला तुम्ही होता आणि दुसऱ्या टोकाला हैदराबादला बसलेला एक माणूस, ज्याला तुमचं नावसुद्धा आठवत नसेल. मध्ये आई होती. तिच्या चुलीला तुम्ही भातुकली म्हणालात. घर गेलं ते मी विसरले असते. खरंच विसरले असते.

आता थांबते. हा कागद घरात ठेवता येणार नाही. सुना-नातवंडं सगळ्यांना वाचता येतं आणि माझ्या कपाटाला कुणी परकं मानत नाही. तेव्हा पोरं यायच्या आत तो फाडून टाकायचा आहे. परवाच मोठ्या नातवानं विचारलं, आजी, तुमचं गावाकडचं घर कसं गेलं गं? त्याच्या बापानंही लहानपणी हेच विचारलं होतं, आणि दोघांनाही मी एकच सांगितलं: पुलाला दगड हवे होते, सरकारनं घेतलं. आई आणि आबा दोघंही त्या साहेबाच्या पाया पडले, आबा तर म्हणाले, हे बघा साहेब, ही आमची चूल, हे आमचं घर, पण साहेबानं ऐकलं नाही.